झीलकऱ्यांची नावे : शाहीर साबळे आणि पार्टीच्या समग्र संचाविषयी एक संवाद

शाहीर साबळे आणि पार्टी हे साठच्या दशकात महाराष्ट्रभर गाजलेले गायन-नाट्यपथक. पथकाचे प्रमुख कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात, पसरणी या गावी झाला. वडिलांचे भजन आणि आईच्या जात्यावरच्या ओव्या ही त्यांच्या गाण्याची पहिली शाळा. शिक्षणासाठी ते अमळनेरला गेले. तेथे साने गुरुजींचा सहवास लाभला आणि गाणे हे लोकांना जागे करण्याचे साधन आहे, ही जाणीव पक्की झाली. पुढे मुंबईत त्यांनी पथक उभे केले. पत्नी भानुमती साबळे कवयित्री होत्या. पथकाच्या गीतांत त्यांच्या लेखणीचा वाटा आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. राजा बढे यांनी लिहिलेले आणि श्रीनिवास खळे यांनी संगीतबद्ध केलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ साबळ्यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले. याच दशकात ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’, ‘असुनी खास मालक घरचा’ ही मुक्तनाट्ये रंगभूमीवर आली. नंतरच्या काळात ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाने वासुदेव, गोंधळ, जागरण, भारूड, कोळीनृत्य हे सारे प्रकार एका रंगमंचावर आणले. शाहिरांना १९९८ साली पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

एवढ्या दीर्घ कारकिर्दीचे सगळे ध्वनिमुद्रित काम एका संचात आणायचे ठरवले, तर तो संच कसा असावा? साठच्या दशकातील पाश्चात्त्य गायकवृंदांच्या बाबतीत या प्रश्नाची अनेक उत्तरे देऊन झाली आहेत. त्यांच्या निवडक गाण्यांचे संच निघाले, पाच-पाच तबकड्यांचे समग्र संच निघाले, स्टुडिओतील तालमींचेही संच निघाले. शाहिरी पथकाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्याचे गाणे ध्वनिमुद्रिकेसाठी जन्मलेले नव्हते.

या प्रश्नावर दोन भूमिका संभवतात. येथे त्या ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ गावच्या दोन श्रोत्यांच्या तोंडी घातल्या आहेत. एक, कारखान्यातून निवृत्त झालेले, जुन्या तबकड्या आणि कॅसेट जपणारे ‘अण्णा’. दुसऱ्या, शाळेत संगीत शिकवणाऱ्या ‘बाई’. अण्णांना एकही ध्वनिमुद्रण गाळलेले चालत नाही. बाईंना ऐकणाऱ्याच्या हाती पडेल आणि शिकवता येईल असा संच हवा आहे. पात्रे प्रातिनिधिक आहेत; भूमिका मात्र संकलन करू पाहणाऱ्या प्रत्येकाला भेटणाऱ्या आहेत.

पथकाचा आवाज

संच कशाचा करायचा हे ठरवण्याआधी पथकाचा आवाज कशाने बनतो, हे पाहावे लागते. पहिला मतभेद येथेच होतो.

बाई : अण्णा, साठच्या दशकातले पाश्चात्त्य गायकवृंद आणि आपलं शाहिरी पथक यांना एकाच मापानं मोजता येणार नाही. बीच बॉइज घ्या. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न गावात १९६१ साली जमलेली ही पोरं. तीन सख्खे भाऊ, एक आतेभाऊ आणि एक मित्र. गाताना प्रत्येकानं वेगळा स्वर धरायचा. एक षड्जावर, दुसरा गंधारावर, तिसरा पंचमावर, आणि त्यांच्याही वर त्या भावांपैकी ब्रायन विल्सनचा पातळ, उंच आवाज. सगळे स्वर एकाच क्षणी उभे राहतात. आपल्याकडे शाहीर ओळ म्हणतो आणि मागची मंडळी तीच ओळ त्याच स्वरात उचलतात. याला हार्मनी कसं म्हणायचं?

अण्णा : म्हणू नका. पण झीलकरी नुसती री ओढतात असंही समजू नका. शाहिराचा श्वास संपत येतो तिथं झीलकरी ओळीचं टोक पकडतात आणि वरच्या स्वरावर धरून ठेवतात. ते टोक हवेत असतानाच शाहीर खालून पुढची ओळ सुरू करतो. त्या क्षणी दोन वेगळे स्वर एकत्र ऐकू येतातच. खाली तुणतुण्याचा षड्ज अखंड चालू असतो तो वेगळाच.

बाई : ते एकत्र येणं कुणी लिहून काढलेलं नसतं.

अण्णा : नसतं, पण दर वेळी त्याच जागी येतं. सवयीनं पक्कं झालेलं असतं. आपल्या आगरी लग्नात धवलारीण धवला म्हणते, तेव्हा काय होतं? तिची ओळ पुरती संपायच्या आत मागच्या बायका ती उचलतात. ‘या गो दांड्यावरून’ पार्टीनं गायलं तेव्हा आपल्या लोकांना ते आपलं वाटलं, ते केवळ शब्दांमुळं नव्हे. मागच्या आवाजांची ती उचलण्याची रीत ओळखीची होती.

बाई : हे पटतं. म्हणजे पथकाची ओळख मुख्य आवाजात जेवढी आहे, तेवढीच मागच्या आवाजांत आहे.

पोवाड्यातील झील, गोंधळातील झीलकरी, तमाशात मागे स्वर धरून उभा राहणारा सुरत्या आणि भारुडातील मागची साथ ही एकाच कुळातील व्यवस्था आहे. तिच्यात मुख्य गायकाला श्वास घ्यायला अवधी मिळतो, प्रेक्षकाला ओळ पुन्हा ऐकून लक्षात ठेवता येते आणि ध्वनिवर्धक नसतानाही मैदानाच्या कडेपर्यंत शब्द पोहोचतो. डफ, ढोलकी, झांज आणि तुणतुणे या वाद्यांच्या गलक्यातून एकट्याचा आवाज वर येणे अवघड असते, चौघांचा येतो. पाश्चात्त्य गायकवृंदाची स्वररचना चर्चच्या आणि चौकडीने गाण्याच्या परंपरेतून आली, शाहिरी पथकाची उघड्या मैदानातून. दोन्हीकडे गाण्याचा कर्ता एक माणूस नसून समूह आहे. समग्र संचाचा विचार करताना हे साम्य महत्त्वाचे ठरते.

काय घ्यावे, काय गाळावे

बाई : तरी सगळंच घेऊन कसं चालेल? सगळं घेतलं की संच कपाटात जातो. चांगली चाळीस गाणी निवडावीत. नव्या मुलांना तेवढी पुरे.

अण्णा : निवड आधीच होऊन गेलेली आहे, बाई. दहा इंची ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. पोवाडा उभा राहायचा म्हणजे गण, मुजरा, प्रसंगाचं वर्णन, मधलं गद्य आणि शेवटी शाहिराची नाममुद्रा. तीन मिनिटांत यातलं काय मावणार? तबकडीवर आलं ते तुकड्यातुकड्यानं आलं. त्या तुकड्यांतून तुम्ही पुन्हा निवडणार?

हा आक्षेप तांत्रिक वस्तुस्थितीवर उभा आहे. लाखेच्या तबकडीची मर्यादा तीन-सव्वातीन मिनिटांची होती. ४५ फेऱ्यांच्या ई.पी.ने ती दर बाजूस सहा-सात मिनिटांपर्यंत नेली, आणि ३३ फेऱ्यांच्या एल.पी.ने वीस मिनिटांच्या पुढे. कॅसेट आली तेव्हा अर्धा तास सलग मुद्रित करण्याची सोय झाली. त्यामुळे एकाच पथकाचे ध्वनिमुद्रित काम साधनाप्रमाणे लहान-मोठे होत गेले. छोटे गाणे छोटे का आहे, याचे कारण पुष्कळदा कलेत नसून तबकडीच्या व्यासात सापडते.

बाई : मग निवड करताना हे कारण सांगावं. निवड वाईट का ठरते?

अण्णा : बीच बॉइजचंच उदाहरण घ्या. १९७४ साली त्यांच्या जुन्या कंपनीनं ‘एण्डलेस समर’ नावाचा दोन तबकड्यांचा संच काढला. सगळी गाणी १९६२ ते १९६५ मधली. समुद्र, मोटारी, सुट्टी. १९६६ चा ‘पेट साउंड्स’ त्यात नाही, नंतरची आठ वर्षंही नाहीत. लोकांच्या मनात ते गायक कायमचे वाळूत उभे राहिले.

बाई : त्याच संचानं त्यांना अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. विसरत चाललेल्या लोकांना पुन्हा ऐकायला लावलं. निवडीनं दार उघडलं, हे तुम्ही सोडून देताय.

अण्णा : दार उघडलं, पण मागच्या खोल्या बंद राहिल्या. साबळ्यांचंही तसंच होतं. विचारा कुणालाही. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ सांगतील, ‘मल्हारवारी’ सांगतील. मुक्तनाट्याचं नाव किती जण घेतील?

येथे दोन्ही बाजूंना वजन आहे. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राज्य शासनाने १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारले. त्यासाठी मूळ गीतातील तीन कडव्यांपैकी दोनच घेतली आणि गायनाचा अवधी १ मिनिट ४१ सेकंद ठरवला. समारंभाच्या गरजेनुसार केलेली ही निवड योग्यच आहे. शाळेच्या मैदानात मुले उभी असताना गीत आटोपशीर हवे. पण राज्यगीताचा हा अवधी रूढ झाल्यावर वगळलेले कडवे ऐकण्याची जागा समग्र संच हीच उरते. जे रोजच्या वापरातून गळते, ते सांभाळणे हे त्याचे पहिले काम आहे.

मुक्तनाट्याचा प्रश्न याहून कठीण आहे. ‘आंधळं दळतंय’ हे मुंबईतील मराठी माणसाच्या स्थितीवरचे मुक्तनाट्य. त्यातले गाणे संवादाच्या पोटातून येते आणि संवादातच परत जाते. राजा मयेकर यांच्यासारख्या नटाचे विनोदाचे अंग शब्दांच्या फेकीत होते. गाणे उचलून वेगळे ठेवले की ते कोणाला उद्देशून म्हटले आहे हेच कळेनासे होते.

बाई : गद्यासकट घेतलं तर एकेक तबकडी तासाची होईल. मुलं दहा मिनिटांपुढे बसत नाहीत.

अण्णा : सगळी मुलं तुमच्या तासाला बसलेलीच असतील असं कशाला धरायचं? एखादा शाहीर होऊ पाहणारा पोरगाही ऐकणार आहे. त्याला गाण्याआधीचं गद्य कसं बोलायचं, टाळी कुठं घ्यायची, हे आणखी कुठं मिळणार?

बाई : मग मुक्तनाट्य वेगळ्या तबकडीवर, सलग आणि अखंड ठेवा. गाण्यांच्या तबकडीत त्याचे तुकडे नकोत.

अण्णा : कबूल.

क्रम

संचातील गाण्यांचा क्रम दोन प्रकारे लावता येतो. पहिला प्रकार कालक्रमाचा. १९९३ साली बीच बॉइजच्या तीस वर्षांचा पाच तबकड्यांचा ‘गुड व्हायब्रेशन्स’ हा संच निघाला, तो स्थूलमानाने याच पद्धतीचा आहे. पहिल्या तबकडीपासून ऐकत गेले की मुलांचे आवाज मोठे होणे, रचना अवघड होणे आणि स्टुडिओ बदलणे कानांना जाणवते. दुसरा प्रकार गानप्रकारानुसार लावण्याचा.

अण्णा : कालक्रमच हवा. माणूस वाढतो तसं पथक वाढतं. राज्य झालं त्या वेळचा उत्साह, पुढची चीड, मग लोककलांकडे वळणं, हे क्रमानं ऐकलं तरच कळतं.

बाई : अण्णा, एकनाथांचं ‘विंचू चावला’ कोणत्या वर्षात घालणार? भारूड सोळाव्या शतकातलं, तबकडी विसाव्या शतकातली. खंडोबाच्या जागराचं गाणं तर कुणी कधी रचलं ते सांगताही येत नाही. तबकडी ज्या वर्षी निघाली ते वर्ष गाण्याचं नाही, कंपनीच्या वेळापत्रकाचं आहे. बीच बॉइजनं गाणं रचलं आणि त्याच वर्षी मुद्रित केलं. म्हणून तिथं कालक्रम बोलतो. परंपरेतल्या गाण्याला तो गप्प करतो.

अण्णा : गाणं जुनं असलं तरी पथक त्याच वर्षाचं असतं. मागं किती जण आहेत, संबळ आहे का ढोलकी, एक माईक आहे का चार, हे सगळं त्या वर्षाचं.

बाई : ते खरं. पण ऐकणाऱ्याला आधी जागरण म्हणजे काय आणि गोंधळ म्हणजे काय हे कळू द्या. ‘लोकधारा’ रंगमंचावर आणताना शाहिरांनी हाच विचार केला होता. वासुदेवाला पहाटेची जागा, गोंधळाला देवीची, जागरणाला खंडोबाची. तारखा लावून त्यांनी कार्यक्रम केला नाही.

या मुद्द्यावर बाईंची बाजू अधिक भक्कम आहे. पथकाच्या प्रमुखानेच आपले काम गानप्रकारांनुसार मांडले असेल, तर संकलकाने ती मांडणी मोडायला सबळ कारण हवे. अण्णांची गरज मात्र खोटी नाही. ती पुस्तिकेतील तक्त्याने भागते : प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे वर्ष, तबकडीचा क्रमांक, अवधी, वाद्ये. ज्याला कालक्रमाने ऐकायचे त्याने तक्ता समोर ठेवावा. संगणकावर किंवा फोनवर ऐकणाऱ्याला तर क्रम बदलून घेणे सहज शक्य आहे, मात्र त्यासाठी वर्षांची नोंद प्रत्येक गाण्याला जोडलेली हवी.

‘मल्हारवारी’चे उदाहरण अशा नोंदीचे मोल दाखवते. जागरणाच्या परंपरेतील हे गाणे शाहिरांनी लोकप्रिय केले. २००४ साली शाहिरांचे नातू केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’ या चित्रपटात ते अजय-अतुल यांच्या संगीतात नव्याने आले. आजच्या तरुणाला चित्रपटातील गाणे आधी ठाऊक असते. संचात जागरण, शाहिरांचे ध्वनिमुद्रण आणि नंतरचा प्रवास यांची नोंद एकाच जागी असली, तर तो तरुण चित्रपटाकडून खंडोबाच्या अंगणापर्यंत मागे चालत जाऊ शकतो.

आवाजाची सफाई

बाई : जुन्या तबकड्यांची खरखर काढलीच पाहिजे. पहिल्या दहा सेकंदांत खरखर आली की मुलं पुढचं गाणं लावतात.

अण्णा : किती काढायची? आपल्या जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात बारवी धरणाचं पाणी येतं. तिथं गाळ काढतात, पाणी काढत नाहीत. हल्लीच्या सफाईत गाळाबरोबर झांजही जाते.

अण्णांच्या बोलण्याला तांत्रिक आधार आहे. लाखेच्या तबकडीची खरखर मोठ्या प्रमाणात वरच्या कंपनसंख्यांत असते. झांजेची झणझण, तुणतुण्याच्या तारेची धार आणि ‘स’, ‘श’, ‘च’ या व्यंजनांची स्पष्टता याच पट्ट्यात असते. सरसकट गाळणी लावली की खरखर जाते आणि त्याबरोबर या तीनही गोष्टी बोथट होतात. शाहिराचा आवाज गुळगुळीत ऐकू येतो, पण पथक मागे सरकते. पहिली हानी झीलकऱ्यांची होते, कारण ते मुळातच माईकपासून दूर उभे असत.

दूर उभे राहण्याला कारण होते. एका माईकवर मुद्रण करताना आवाजांचा तोल अंतराने साधावा लागे. शाहीर जवळ, तुणतुणे त्याच्या मागे, झीलकरी आणखी मागे, ढोलकी कोपऱ्यात. एकदा मुद्रित झालेला हा तोल नंतर बदलता येत नसे. बीच बॉइजच्या काळी अमेरिकेत आवाज आणि वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित होऊ लागली होती. म्हणूनच १९९७ च्या ‘द पेट साउंड्स सेशन्स’ या चार तबकड्यांच्या संचात वाद्ये बाजूला ठेवून केवळ कंठस्वरांची गाणी देता आली. त्यांत कोणी कोणता स्वर धरला आहे, हे एकेक आवाज पकडून ऐकता येते.

बाई : तसं आपल्याकडे करता आलं तर? झील वेगळी काढून मुलांना ऐकवता आली, तर महिन्याभरात पोरं झील धरायला शिकतील.

अण्णा : एका माईकच्या मुद्रणातून वेगळं काय काढणार?

बाई : आता संगणक मिसळलेले आवाज बऱ्यापैकी वेगळे करतो. बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा १९६६ चा संग्रह २०२२ साली याच पद्धतीनं नव्यानं बांधला. २०२३ च्या ‘नाऊ अँड देन’मध्ये जॉन लेननचा आवाज एका जुन्या कॅसेटवरच्या पियानोतून सोडवून घेतला.

अण्णा : शिकवायला करा. पण मूळ मुद्रण शेजारी ठेवा. नाहीतर पन्नास वर्षांनी लोक संगणकानं काढलेलीच झील खरी मानतील.

या चर्चेतून एक नियम हाती लागतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक प्रत कोणतीही सफाई न करता जतन करावी. ऐकण्याच्या प्रतीत तडे, खटके आणि गुणगुण काढावी. वरच्या पट्ट्याला हात लावताना झांज ऐकू येते की नाही, ही कसोटी ठेवावी. वेगळे काढलेले आवाज अभ्यासाच्या भागात, तसे स्पष्ट लिहून द्यावेत.

हक्क

अशा संचाच्या वाटेत हक्कांचा भाग येतो. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९६० साली प्रकाशित झालेल्या तबकडीवरचा हा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. मात्र तबकडीवरचा हक्क आणि गाण्यावरचा हक्क वेगवेगळे आहेत. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. राजा बढे यांचे निधन १९७७ साली झाले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. श्रीनिवास खळे २०११ साली गेले. त्यांच्या चालीवरचा हक्क २०७१ पर्यंत चालतो. परंपरेतून आलेल्या भारुडाच्या किंवा जागरणाच्या शब्दांवर कोणाचाच असा हक्क नाही, पण त्यावर नव्याने केलेल्या संगीतरचनेवर असू शकतो.

अण्णा : म्हणजे १९६० ची तबकडी माझ्या कपाटात आहे, तिच्यावरचा कंपनीचा हक्क संपला, तरी गाणं छापून विकायला परवानगी लागणारच.

बाई : लागणारच, आणि लागायलाच हवी. लिहिणाऱ्याच्या आणि चाल बांधणाऱ्याच्या घरी पैसे जायला हवेत. प्रश्न झीलकऱ्यांचा आहे. त्यांच्या घरी काय जातं?

नावे

बाईंच्या या प्रश्नाशी सगळी चर्चा येऊन ठेपते. तबकडीच्या गोल कागदावर ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ असे छापलेले असते. ‘पार्टी’ या एका शब्दात झीलकरी, ढोलकीवाले, तुणतुणेवाले आणि झांजवाले सगळे सामावतात. ज्यांना पुढे स्वतंत्र प्रसिद्धी मिळाली, त्यांची नावे राहिली. राजा मयेकर मुक्तनाट्यातून घराघरांत माहीत झाले. केदार शिंदे, भरत जाधव, अंकुश चौधरी ही मंडळी ‘लोकधारा’तून पुढे आली. २०२३ साली केदार शिंदे यांनीच ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट केला आणि त्यात अंकुश चौधरी यांनी शाहिरांची भूमिका केली. जे आयुष्यभर मागच्या रांगेत राहिले, त्यांची नावे मात्र त्या गोल कागदावर नाहीत.

अण्णा : कागदावर जागाच तेवढी होती, बाई. तीन इंचांच्या गोलात किती नावं बसवणार?

बाई : तबकडीवर नव्हती, पुस्तिकेत आहे. अमेरिकेत हेच झालं होतं. बीच बॉइजच्या तबकड्यांवर वाजवणारे हॅल ब्लेन, कॅरल के हे स्टुडिओतले वादक साठच्या दशकात वेष्टनावर कुठेच नव्हते. नंतर लोकांनी शोध घेतला, स्टुडिओच्या नोंदी काढल्या, आणि आज कोणत्या गाण्यात कोणी वाजवलं आहे हे विद्यार्थ्याला सांगता येतं.

अण्णा : त्यांच्याकडे स्टुडिओची बिलं होती, संघटनेच्या नोंदी होत्या. आपल्याकडे काय आहे?

बाई : माणसं आहेत. शाहिरांचं ‘माझा पवाडा’ हे आत्मचरित्र आहे. कार्यक्रमांच्या पत्रिका आहेत. मंडळांच्या गणेशोत्सवाच्या अहवालांत कोण आलं, किती मानधन दिलं, हे लिहिलेलं असतं. मागच्या रांगेत गायलेल्यांच्या घरी जुने फोटो असतात. फोटोत मागं कोण उभं आहे ते त्यांची मुलं सांगतील. आणखी वीस वर्षांनी सांगणारं कुणी उरणार नाही.

अण्णा : मग सगळं घ्यायचं का निवडायचं, हा वाद नंतरचा म्हणायचा.

बाई : नंतरचाच. गाणी कुठंतरी राहतील. नावं आत्ताच लिहिली पाहिजेत.

निष्कर्ष

दोन्ही भूमिकांचा विचार करता शाहिरी पथकाच्या समग्र संचाचा आराखडा स्पष्ट होतो. पहिला भाग नव्या श्रोत्यासाठी निवडक गाण्यांचा, गानप्रकारांनुसार लावलेला. दुसरा भाग उपलब्ध सगळ्या ध्वनिमुद्रणांचा, पूर्ण कडव्यांसह आणि वर्षांच्या नोंदींसह. मुक्तनाट्ये स्वतंत्र आणि अखंड. अभ्यासासाठी वेगळी काढलेली झील, आणि तिच्या शेजारी मूळ मुद्रण. सोबतच्या पुस्तिकेत गीतकार, संगीतकार, वादक आणि झीलकरी यांची नावे सारख्याच आकाराच्या अक्षरांत.

यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. समूहाच्या गाण्याचा संच फक्त मुख्य गायकाचे स्मारक झाला, तर तो त्या गाण्याशी अप्रामाणिक ठरतो. गाणी किती घेतली यापेक्षा मागच्या रांगेतला आवाज ऐकू येतो का आणि त्याचे नाव वाचता येते का, यावरून अशा संचाची किंमत ठरावी.

हे काम केवळ ध्वनिमुद्रण कंपन्यांचे किंवा विद्यापीठांचे नाही. जांभूळ, अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात भजनी मंडळे आहेत, धवला म्हणणाऱ्या बायका आहेत, गणेशोत्सवाच्या जुन्या ध्वनिफिती घरोघरी पडून आहेत. त्यांतील प्रत्येक फितीवर समूहाचा आवाज आहे आणि बहुतेकींवर एकाही गाणाऱ्याचे नाव नाही. घरात अशी फीत असेल, तर ती ऐकून आवाज ओळखू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे, आणि कोण गातो आहे, मागे कोण आहे, ढोलकी कोणाची आहे, कार्यक्रम कोणत्या वर्षीचा आहे, हे वेष्टनावर आजच लिहून ठेवावे.